भूतान: ग्रुप टूरनं जावं की आपला गाईड घेऊन?

धाकट्या नणंदेचा परवा फोन आला. "वहिनी, तुम्ही दोन्ही तऱ्हांनी जाऊन आलात ना भूतानला? मग सांगा, ग्रुप टूर बुक करू की आपलं आपण गाडी-गाईड ठरवू?" बरोबर तिचे सासू-सासरे, दोघंही सत्तरीच्या आसपास, नवरा आणि आठ वर्षांची लेक. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहूनच काढलं. इतरांनाही उपयोग होईल.

पहिल्यांदा गेले ती २०१८ च्या मार्चमध्ये, आईला घेऊन, एका मराठी टूर कंपनीबरोबर. छत्तीस माणसं, दोन छोट्या बस. दुसऱ्यांदा २०२३ च्या नोव्हेंबरात मी आणि नवरा, दोघंच. थिंफूतल्या एका एजंटकडून गाडी, ड्रायव्हर आणि गाईड घेतला होता. मार्ग साधारण तोच: थिंफू, पुनाखा, पारो. देश मात्र दोन वेगळे पाहिल्यासारखे वाटले.

जे दोन्हीकडे सारखंच आहे

आधी हिशोबातलं एक मोठं कलम बाजूला काढू. कोविडनंतर २३ सप्टेंबर २०२२ ला भूताननं दारं पुन्हा उघडली, तेव्हापासून भारतीयांनाही दर माणशी दर रात्री १,२०० रुपये सरकारी शुल्क आहे. शाश्वत विकास शुल्क असं त्याचं भारदस्त नाव. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, सहाच्या आतल्यांना माफ. म्हणजे नणंदेच्या घरचे चार मोठे आणि एक लेक, सहा रात्री धरल्या तर २८,८०० अधिक ३,६००, एकूण ३२,४०० रुपये. ते कुठल्याही मार्गानं गेलात तरी सुटत नाहीत. त्यामुळे जाहिरातीतला आकडा फारच कमी दिसला, तर हे पैसे त्यात धरलेत का, हा पहिला प्रश्न विचारायचा. देवळांची आणि झोंगांची, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठांची, तिकिटं धरलीत का, हा दुसरा.

थिंफू-पारोच्या पलीकडे जायचं तर परवानाधारक भूतानी गाईड सक्तीचा. ग्रुपलाही तो घ्यावाच लागतो. तेव्हा निवड 'गाईड की गाईडशिवाय' अशी नाहीच. छत्तीस जणांत एक गाईड की पाच जणांत एक, एवढाच प्रश्न आहे. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात येतं, बाकी तपशील.

जेवण आणि सोबत: इथं ग्रुप जिंकतो

उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. २०१८ चा गुढीपाडवा आमचा थिंफूत झाला. कंपनीचा आचारी बरोबर होता. हॉटेलच्या मुदपाकखान्यात घुसून त्यानं श्रीखंड-पुरी आणि बटाट्याची भाजी केली. आईच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला एकटीला कुठल्याही एजंटकडून विकत घेता आलं नसतं. नाशिकच्या एका काकूंशी तिची अशी गट्टी जमली, की आजही दर रविवारी फोन असतो. रात्री अंताक्षरी, गोळ्यांची आठवण करणारं कुणीतरी, बॅग उचलणारं कुणीतरी. गुडघेदुखीवाल्यांना हे फार मोलाचं असतं.

दोघंच गेलो तेव्हा संध्याकाळी सात वाजता पुनाख्याच्या हॉटेलात आम्ही दोघं आणि समोर काळोख. जेवणात एमा दात्शी, म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या अख्ख्या मिरच्या. भूतानात मिरची मसाला म्हणून पडत नाही, ती भाजीच असते. कोल्हापूरकर असूनही नवऱ्यानं दुसऱ्या घासाला पाणी मागितलं. पुढचे तीन दिवस तो केवा दात्शीवर, म्हणजे त्याच चीजमधल्या बटाट्यांवर आणि तांबड्या भातावर जगला. मला आवडलं सगळं. लोणी-मीठ घातलेला चहासुद्धा. फक्त त्याला चहा म्हणू नये, सूप म्हणावं, मग घशाखाली जातो.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. वरण-भात, बटाटा, पालेभाजी सगळीकडे मिळते. पण सकाळी कांदेपोहे दिसले नाहीत तर ज्यांचा दिवस लागत नाही, त्यांनी ग्रुपच धरावा.

कोण सांगतंय, यावर काय दिसतं ते ठरतं

आता जिथं माझं मत अगदी दुसऱ्या बाजूला झुकतं ते सांगते.

पारोच्या रिनपुंग झोंगमध्ये दाराशी एक मोठं भित्तिचित्र आहे. झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि कचेरी एकाच वास्तूत. आपल्या गडावरच कलेक्टर ऑफिस आणि मंदिर दोन्ही असावं, तसं काहीसं. पहिल्या वेळी त्या चित्रापुढे आमचा ग्रुप फोटो झाला. टूर लीडर म्हणाला, "हे त्यांचं जीवनचक्र, चला, आतलं अंगण बघू." दहा मिनिटं. त्यातली सात रांग लावण्यात गेली.

दुसऱ्या वेळी आमचा गाईड त्याच चित्रापुढे पाऊण तास उभा होता. चाकाच्या मध्यभागी एकमेकांच्या शेपट्या धरलेले तीन प्राणी: डुक्कर, कोंबडा, साप. मोह, लोभ, द्वेष. अख्खं चाक दातात आणि नखांत धरून बसलेला यम. कडेच्या पट्ट्यात बारा छोटी चित्रं, पहिलं काठी टेकत जाणाऱ्या आंधळ्याचं, दुसरं मडकी घडवणाऱ्या कुंभाराचं. "आंधळा म्हणजे अज्ञान. कुंभार म्हणजे तुम्ही स्वतःच जे घडवता ते," असं तो मोडक्या पण गोड हिंदीत सांगत होता. मला एकदम अजिंठ्याची सतरा नंबरची लेणी आठवली. तिच्या व्हरांड्यात डाव्या हाताला हेच चक्र आहे, अर्धंअधिक पुसलेलं. शाळेच्या सहलीत, कॉलेजच्या सहलीत, पाहुण्यांबरोबर, किती वेळा तिथून गेले असेन, पण ते काय आहे हे मला पारोत कळलं. गाईडला मोबाईलवर अजिंठ्याचा फोटो दाखवला, तर तोच हात जोडून उभा राहिला.

चिमी ल्हाखांगची गोष्ट वेगळीच. पुनाख्याजवळचं हे छोटं देऊळ द्रुकपा कुनले या अवलिया लामाशी जोडलेलं आहे, आणि वाटेतल्या गावात घराघरांच्या भिंतींवर लिंगाची रंगीत, भलीमोठी, बिनधास्त चित्रं. छत्तीस मराठी माणसं, त्यात सासवा, सुना, दोन शाळकरी पोरं. लीडर आकाशाकडे बघत म्हणाला, "हे इथल्या लोकांचं श्रद्धास्थान आहे," आणि आम्ही सगळे भाताच्या खाचरांची तारीफ करत भराभर पुढे सरकलो. मागच्या मागे बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. दुसऱ्या वेळी आमच्या गाईडनं तीच गोष्ट अशी मोकळी सांगितली, जशी आपल्याकडे जेजुरीला खंडोबा-बाणाईची सांगतात. राक्षसिणींना वठणीवर आणणारा, ढोंगी भिक्षूंची फजिती करणारा लामा, आणि मूल व्हावं म्हणून तिथं येणारी जोडपी. आत एका तरुण जोडप्याला भिक्षू लाकडी लिंगानं डोक्यावर आशीर्वाद देत होता. हसू आलं नाही कुणाला.

आणखी एक. २०१८ च्या ग्रुपमध्ये नागपूरचे एक काका होते. दर मंदिरात गेले की हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हणायचे. दीक्षाभूमीच्या गावचा माणूस, बुद्ध घरातलाच. पण इथल्या भिंतींवर कवट्यांच्या माळा घातलेले उग्र रक्षक देव, समोर लोण्याचे दिवे, गाभाऱ्यात बुद्धाशेजारी मिशीवाले गुरू पद्मसंभव. "हे कुठले?" असं त्यांनी तीनदा विचारलं. लीडर प्रत्येक वेळी म्हणाला, "त्यांच्यात असतं तसं." वज्रयान, म्हणजे इथला बौद्ध पंथ, आणि बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दिलेला धम्म यांत फरक काय, आठव्या शतकातले पद्मसंभव इथं दुसरे बुद्ध का मानले जातात, हे सांगणारा माणूस बरोबर होता. पण तो, म्हणजे भूतानी गाईड, दुसऱ्या बसमध्ये बसला होता. म्हणून ग्रुपनंच जाणार असाल तर एवढं विचाराच: प्रत्येक बसमध्ये स्थानिक गाईड आहे का, आणि मंदिरात बोलणार कोण, तो की तुमचा लीडर?

वेळ कुणाच्या हातात

टूरच्या पुस्तिकेत दोन शब्द शोधायचे: 'पाहणार' आणि 'बाहेरून'. 'बाहेरून' लिहिलं असेल तर बसच्या काचेतून. 'पाहणार' लिहिलं असेल तर किती वेळ, ते विचारायचं. आम्हाला पुनाखा झोंगला पाऊण तास मिळाला आणि त्यानंतर हस्तकलेच्या दुकानात दीड. १६३७-३८ मध्ये झाबद्रुंग न्गवांग नामग्यालनं, म्हणजे भूतान एकत्र करणाऱ्या लामानं, बांधलेली ही वास्तू फो छू आणि मो छू, म्हणजे नर नदी आणि मादी नदी, यांच्या संगमावर उभी आहे. १९०७ मध्ये पहिल्या राजाचा राज्याभिषेक इथंच झाला, २०११ मध्ये आत्ताच्या राजाचं लग्नही इथंच. झाबद्रुंगचा देह आत आहे. पाऊण तासात लाकडी जिना चढून उतरेपर्यंत शिट्टी वाजते. दुसऱ्या वेळी तीन तास रेंगाळलो, मधले दोन नुसते पुलावर.

फोब्जिखाचं खोरं आम्हाला ग्रुपमध्ये दिसलंच नसतं, कार्यक्रमातच नव्हतं. तिबेटातून हिवाळ्यापुरते तिथं काळ्या मानेचे क्रौंच येतात आणि ११ नोव्हेंबरला गांगते मठाच्या अंगणात त्यांच्या नावानं उत्सव होतो. शाळेची पोरं पांढरे-काळे पंख लावून नाचतात. गाडी आपली होती म्हणून मार्ग वळवता आला. त्याची किंमतही मोजली: रस्ता वळणावळणांचा, आणि रात्री थंडी अशी की गोधडीत शिरूनही दात वाजत होते.

तक्त्सांग, म्हणजे कड्याला चिकटलेला वाघिणीचा मठ, ही दोन्हीकडची खरी परीक्षा. उंची ३,१२० मीटर, जाऊन-येऊन चार-पाच तास, मठाजवळ आधी शेकडो पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा चढायच्या. घोडा अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच, तोही फक्त चढताना. ग्रुपमध्ये नियम होता, अकरापर्यंत कॅफेटेरिया गाठला नाही तर तिथंच थांबायचं. आई थांबली. तिला वाईट वाटलं नाही, नाशिकच्या काकू होत्याच. समोर मठ दिसत होता, हातात चहा. पण आपल्या पावलानं चढू दिलं असतं तर ती पोचली असती, असं मला अजून वाटतं. दोन्ही बेतांत हा चढ सहलीच्या शेवटी ठेवा, तोवर छातीला उंची सरावते. १९९८ च्या आगीनंतर मठ पुन्हा बांधला. आत मोबाईल, कॅमेरा, पिशवी काही नेता येत नाही. मला तर हेच त्यातलं सर्वांत चांगलं वाटलं.

पैसे

गाडी, ड्रायव्हर आणि गाईड यांचा रोजचा खर्च ठरलेला असतो, तो माणसांत वाटला जातो. आम्ही दोघंच होतो म्हणून ग्रुपपेक्षा बरंच महाग पडलं. चार-पाच माणसं झाली की फरक खूप कमी होतो. एकट्या माणसाला ग्रुपच परवडतो, तेवढा एकट्यासाठीच्या खोलीच्या जादा पैशांचा घोळ आधी मिटवून घ्यावा. बक्षिसी दोन्हीकडे लागते. चलनाची फिकीर नको, एक ङुल्ट्रम म्हणजे एक रुपया.

खासगी बेतातला मोठा धोका म्हणजे गाईड कसा निघेल, याची खात्री नाही. आमचा चांगला निघाला. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला मिळालेला पोरगा सहा दिवस फोनमध्ये डोकं घालून होता. पैसे भरण्याआधी एजंटला सांगा, त्याच गाईडशी फोनवर बोलायचंय. भिंतीवर सगळीकडे हत्ती, माकड, ससा आणि पक्षी एकावर एक उभे असलेलं चित्र असतं, त्याची गोष्ट विचारा. बी पक्ष्यानं आणलं, पाणी सशानं घातलं, खत माकडानं, राखण हत्तीनं. हे प्रत्येक भूतानी माणसाला येतं. ते तो कसं सांगतो, यावर ठरवा.

हे सगळं नणंदेनं घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "दुपारी तासभर पडायला कशात मिळतं?" तिथंच निकाल लागला. नोव्हेंबरातली गाडी आणि गाईड ठरलाय, गाईडशी फोनवर बोलणंही झालंय. हत्ती-माकडाची गोष्ट त्यानं नातीला सांगितली म्हणे, तिनं लगेच उलट विचारलं की मग फळं कुणी खाल्ली.

आता घरात कपाटं उपसणं चालू आहे. भूतानला जायला पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही, आणि सासऱ्यांचा पासपोर्ट केव्हाच संपलाय. मतदार ओळखपत्र त्यांनी 'नीट' ठेवलं होतं.