घर खरे होते, भाड्याने देणारा खोटा

परदेशात सुट्टीसाठी घर भाड्याने घेणाऱ्याला सगळे एकच सल्ला देतात: ते घर खरोखर आहे का, हे आधी पाहून घ्या. इटलीतील तोस्काना प्रदेशात आमच्या कुटुंबाची जी फसवणूक झाली, तिच्यात या सल्ल्याचा काडीचाही उपयोग नव्हता. घर नकाशावर होते, उपग्रहाच्या छायाचित्रात त्याचा पोहण्याचा तलाव आणि सुरूसारख्या उंच सायप्रसची रांग दिसत होती, आणि जाहिरातीत दाखवलेली स्वयंपाकीणबाई व माळीही तिथे खरोखरच कामाला होते. खोटा होता तो फक्त पैसे घेणारा. त्या घराशी त्याचा कसलाही संबंध नव्हता.

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षे होत होती आणि धाकटा भाऊ जर्मनीत असतो, म्हणून सर्वांनी मध्ये कुठेतरी भेटावे असे ठरले. सिएना जिल्ह्यात पिएन्झाजवळचे एक मोठे दगडी घर आम्ही ५ ते १२ जुलै २०२५ या आठवड्यासाठी घेतले. तिकडे उन्हाळ्यात अशी घरे बहुधा शनिवार ते शनिवारच मिळतात. भाडे ८,४०० युरो होते आणि त्यात रोजची साफसफाई, बाग आणि संध्याकाळचा स्वयंपाक धरलेला होता. तीस टक्के रक्कम आगाऊ आणि उरलेली प्रवासाच्या दोन महिने आधी द्यायची, अशी अट होती. ही तिथली नेहमीचीच रीत असल्यामुळे तिच्यात खटकण्यासारखे काही नव्हते.

मालकाऐवजी तिसरीच व्यक्ती व्यवहार करते, याचेही त्या भागात कोणाला नवल वाटत नाही. ही घरे मुळात अर्धेलीने शेती करणाऱ्या कुळांची होती. ती पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडकळीला आली, १९६४ च्या कायद्याने तसे नवे करार बंद झाले, माणसे शहरांकडे गेली आणि ओस पडलेली घरे पुढे शहरातल्या व परदेशातल्या लोकांनी विकत घेऊन दुरुस्त केली. मालक मिलानला नाहीतर लंडनला असतो, घर एखादी एजन्सी सांभाळते, आणि किल्ली तिसऱ्याच कोणाच्या हाती असते. या साखळीत एक खोटी कडी घुसवणे ठगाला फारसे अवघड जात नाही. आमच्या ठगाने खऱ्या एजन्सीची छायाचित्रे आणि मजकूर उचलून, नावात एका अक्षराचा फरक करून स्वतःचे संकेतस्थळ उभे केले होते.

त्याच्या पत्रांत एकही चूक नव्हती. उलट, ती पत्रे जरा जास्तच गुळगुळीत होती, असे आज वाटते. ६ जुलैला आषाढी एकादशी येत होती, म्हणून त्या रविवारी आईसाठी उपासाचे काही करता येईल का, असे आम्ही विचारले. बटाटे, शेंगदाणे आणि साबुदाणा आणून ठेवू, स्वयंपाकीणबाईंना कृती पाठवा, असे उत्तर त्याच संध्याकाळी आले. प्रत्यक्षात फाटकापाशी जेव्हा त्या बाई भेटल्या आणि भावाने आपल्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये त्यांना सगळे सांगितले, तेव्हा त्या आधी इतकेच म्हणाल्या की रविवारी मी कधीच कामाला येत नाही. इटलीतील घरकामगारांच्या राष्ट्रीय करारानुसार रविवारचे २४ तास सुट्टीचे असतात. एकाच बाईच्या हातचा स्वयंपाक सातही दिवस मिळेल, असे जो बिनदिक्कत कबूल करतो, त्याने त्या बाईंना कधी पाहिलेले नसण्याची शक्यता बरीच आहे. खऱ्या घराचा माणूस मध्येच कुठेतरी अडतो, नाही म्हणतो, किंवा जादा पैसे मागतो.

त्या आठवड्यासाठी एका डच कुटुंबाने ते घर रीतसर घेतले होते आणि त्यांच्या गाड्या आत उभ्या होत्या. स्वयंपाकीणबाईंनी आई-बाबांना ओसरीत बसवून पाणी दिले व खऱ्या एजन्सीला फोन लावला. त्यांच्या नोंदींत आमचे नाव कुठेच नव्हते.

फाटकाशेजारच्या भिंतीवर एक छोटी पाटी होती, आणि सगळा उलगडा खरे तर तिथेच होता. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला इटलीत राष्ट्रीय ओळखक्रमांक घ्यावा लागतो, आणि १ जानेवारी २०२५ पासून तो इमारतीबाहेर तसेच प्रत्येक जाहिरातीत लावणे सक्तीचे आहे. या क्रमांकात देशाच्या दोन अक्षरांनंतर जिल्ह्याचे तीन आकडे येतात. पाटीवर सिएनाचे ०५२ होते, तर आमच्या करारावरच्या क्रमांकात ०४८, म्हणजे फ्लॉरेन्स जिल्हा. ठगाने कुठल्यातरी भलत्याच घराचा क्रमांक उचलून छापला होता. क्रमांक नुसता असून भागत नाही, तो त्याच गावचा आहे का, हेही पाहावे लागते.

करारात इटलीच्या नागरी संहितेतील कलम १३८५ चा हवाला होता. घर देणाऱ्याने शब्द मोडला, तर दिलेल्या इसाऱ्याच्या दुप्पट रक्कम मागता येते, असे ते कलम आहे आणि ते खरे आहे. परंतु ज्याचा ठावठिकाणाच नाही, त्याच्याकडून दुप्पट काय आणि निम्मे काय! विसाच्या अर्जाला हाच करार निवासाचा पुरावा म्हणून जोडला होता आणि विसा मिळाला, त्यामुळे घरात सर्वांना हायसे वाटले होते. विसा कार्यालय तुमचा अर्ज तपासते, घरमालकाची शहानिशा करून देण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते.

पैशांच्या बाबतीतही तसेच झाले. पुण्याच्या बँकेने अर्ज, पॅन आणि पैसे पाठवण्याचे कारण काटेकोरपणे घेतले, पण ती सारी तपासणी परकीय चलनाच्या नियमांपुरती असते. करारावरची कंपनी सिएनाची होती आणि खाते मात्र लिथुआनियातले, कारण खातेक्रमांक एलटी या अक्षरांनी सुरू होत होता. परदेशी ग्राहकांसाठी वेगळे खाते ठेवले आहे आणि कार्डाने भरल्यास चार टक्के जादा पडतील, असा खुलासा त्याने न विचारताच केला होता. कार्डाने भरलेली रक्कम परत मागण्याचा मार्ग निदान असतो, बँकेतून परस्पर पाठवलेली रक्कम समोरच्याने खाते रिकामे केले की गेलीच. उरलेली रक्कम भावाने जर्मनीतून भरली होती. युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ९ ऑक्टोबर २०२५ पासून, पैसे सुटण्याआधी नाव आणि खातेक्रमांक जुळतात का, हे ग्राहकाला विनाशुल्क सांगावे लागते. ही सोय त्या वेळी नव्हती, आणि भारतातून पाठवलेल्या पैशांना ती आजही लागू नाही. युरोपात नातेवाईक असतील, तर पैसे त्यांच्याकडून जाणे म्हणूनच बरे. आमचे रुपयांत पावणेआठ लाखांच्या घरात गेले.

पैशांपेक्षा अधिक घोर मला पासपोर्टांचा आहे. पाहुण्यांची नावे पोलिसांना कळवावी लागतात, या सबबीखाली त्याने सर्वांच्या पासपोर्टच्या प्रती महिनोन्‌महिने आधी मागवून घेतल्या. तसा नियम आहे, पण ती नोंद पाहुणे आल्यावर चोवीस तासांत करायची असते आणि त्यासाठी पासपोर्ट तिथे दाखवला तरी पुरतो.

तक्रार आम्ही तिथल्या काराबिनिएरी या इटालियन पोलीस दलाच्या ठाण्यात दिली आणि परतल्यावर सायबर फसवणुकीसाठी असलेल्या भारतातील १९३० या क्रमांकावरही नोंदवली. इटलीत अशा फसवणुकीवर सहसा फिर्यादीशिवाय खटला चालत नाही. ती फसवणूक कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, आणि आरोपीवर कारवाई व्हावी अशी स्पष्ट मागणी तिच्यात लिहावी लागते. घडलेली हकीकत नुसती कळवणे पुरेसे होत नाही. ठाण्यातील अधिकाऱ्याने ते वाक्य आमच्याकडून वेगळे लिहून घेतले. मायदेशी परतल्यावर सवडीने पाहू म्हणणाऱ्यांची मुदत बहुधा इथेच टळते. फिर्यादीची शिक्का मारलेली प्रत मागून घ्यावी, कारण पुढे दोन्ही देशांतल्या बँकांनी सर्वांत आधी तीच मागितली.