इनस्क्रिप्ट की फोनेटिक?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की कीबोर्ड निवडायचा प्रश्न येतो.

फोनेटिकमध्ये रोमन अक्षरांत शब्द लिहायचा आणि सुचवलेल्या मराठी शब्दांतून हवा तो घ्यायचा. पहिल्याच दिवशी पत्र लिहून होतं. पण न-ण, ल-ळ, ऱ्हस्व-दीर्घ यांसाठी नजर सतत त्या यादीवर ठेवावी लागते, आणि आडनावं, गावांची नावं तिथे हमखास अडतात.

इनस्क्रिप्ट हा भारत सरकारचा प्रमाणित आराखडा. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के दाबला की क, शिफ्टसह ख; पाय मोडायला डी. 'दुसऱ्या'मधला ऱ्य मला इथेच बिनचूक मिळतो: शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. संगणक काही सुचवत नाही. जे दाबाल तेच उमटतं. हात बसायला थोडे आठवडे लागतात, हे खरं. मात्र हीच मांडणी हिंदी, गुजराती, कन्नडलाही चालते.

कधीमधी दोन ओळी लिहिणाऱ्याने फोनेटिक घ्यावं. रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्याने, आणि शाळकरी मुलांनी तर नक्कीच, इनस्क्रिप्ट शिकावं. दोन्ही ठेवलेत तर विंडोज-स्पेसने अदलाबदल होते.