स्कॅनर, फेलोशिप, कर्ज आणि पेशंट एकाच पॅकेजमध्ये: दंतवैद्यांनो, माझे १०,९६,५९६ रुपये कसे गेले ते वाचा

आधी आकडे सांगते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. फेलोशिपची फी १,८५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,१८,३०० रुपये. इंट्राओरल स्कॅनरचं, म्हणजे तोंडात फिरवून दातांचं डिजिटल माप घेणाऱ्या मशीनचं, डाउन पेमेंट १,५०,०००. ‘केस सपोर्ट’, म्हणजे ते पेशंट पाठवणार, त्याची अनामत ४५,०००. कर्जाची प्रोसेसिंग फी करासकट १२,५०८. उरलेल्या ५,३०,००० चं कर्ज १६ टक्क्यांनी, ३६ हप्ते, दर महिन्याच्या ५ तारखेला १८,६३३ रुपये. कर्ज फिटेल तेव्हा एकूण १०,९६,५९६ रुपये गेलेले असतील. डाउन पेमेंटचे दीड लाख बाबांनी स्वतःची मुदत ठेव मोडून दिले होते. सासरी हा पूर्ण आकडा अजून कोणालाही माहीत नाही.

मी बीडीएस आहे. मिरजेपासून तासाभरावरच्या एका गावात माझं क्लिनिक आहे. रूट कॅनॉल, कॅप, कवळी, लहान मुलांचे दात, सगळं मीच बघते. आमच्यासारख्यांची अवस्था बाहेरच्यांना कळत नाही. एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करायचं तर नीट द्या, तीन वर्षं क्लिनिक बंद ठेवा, आणि खासगी कॉलेज मिळालं तर फीच्या आकड्यानेच पोटात गोळा येतो. इकडे शहरातल्या साखळी क्लिनिकच्या जाहिराती पेशंटच्या मोबाइलवर रोज दिसतात. कॅपचं माप घ्यायला पुट्टी कालवायला घेतली की पेशंट विचारतो, ‘मॅडम, तुमच्याकडे ते स्क्रीनवर दात दाखवणारं मशीन नाही का?’ ज्यांना मापाच्या ट्रेने उमासा येतो ते तर हमखास विचारतात. अशा वेळी कोणी सांगितलं की तीन वीकेंडमध्ये डिजिटल डेंटिस्ट्री शिकवतो, सर्टिफिकेट देतो, मशीन हप्त्यावर देतो आणि वर पेशंटही पाठवतो, तर कान टवकारणारच. मला यात हाव दिसत नाही. धंद्यात टिकून राहायची धडपड होती.

स्कॅनर खोटा नाही, डिजिटल डेंटिस्ट्रीही खोटी नाही, हे मुद्दाम सांगते. चांगल्या स्कॅनरने पूर्ण जबड्याचं माप काही मिनिटांत होतं, मार्जिन, म्हणजे कॅप दाताला जिथे टेकते ती कडा, पडद्यावर मोठी करून तिथल्या तिथे तपासता येते, फाइल लॅबला गेली की झिरकोनियाची कॅप मशीनवर मिल होऊन येते. या लोकांनी फसवलं ते गाठोडं बांधून. शिक्षण, मशीन, कर्ज आणि पेशंट या चारही गोष्टी एका पॅकेजमध्ये. असं का करतात ते मला तक्रार करायला गेल्यावर कळलं. चार गोष्टी एकत्र आल्या की प्रत्येक कार्यालयाला बाकीच्या तिघांकडे बोट दाखवता येतं.

मार्च २०२५ मध्ये बाणेरच्या एका हॉटेलात कोर्स झाला. शिकवणारे डॉक्टर खरे होते आणि चांगलं शिकवत होते. त्यातले एकजण आता म्हणतात, ‘मी फक्त स्पीकर, मला माझं मानधन मिळालं.’ डॉक्टर, तुमचा फोटो माहितीपत्रकावर पहिल्या पानावर होता आणि आम्ही पैसे भरले ते तो फोटो बघून. बोलावणाऱ्याची दोन फोन करून चौकशी करणं तुमचंही काम होतं.

फेलोशिपचं सांगते. सर्टिफिकेटवर परदेशी विद्यापीठाचं नाव, सोनेरी शिक्का. आपल्याकडे एमडीएसच्या ९ शाखा आहेत आणि त्यात डिजिटल डेंटिस्ट्री नावाची शाखाच नाही. असली फेलोशिप म्हणजे फार तर हजेरीचा कागद. शिवाय दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेप्रमाणे मान्यता नसलेली पदवी नावापुढे लावली तर गोत्यात येणार आपणच, विकणारा नाही. ते लोक मात्र पाटीचं डिझाइनसुद्धा फुकट करून देत होते. सीडीई (डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचे) पॉइंट मिळतील असं छापलं असेल तर मंजुरी क्रमांक मागा आणि राज्य परिषदेकडून स्वतः खात्री करून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या मंजुरीपत्राच्या फोटोवर विसंबू नका.

आता तो दिवस. रविवार, २३ मार्च. कोर्सचा शेवटचा दिवस, दुपारचं जेवण झालेलं, सगळ्यांना परतीच्या गाड्या पकडायच्या. विक्री बघणारा तरुण टॅब घेऊन टेबलाटेबलावर फिरत होता. ‘मॅडम, मार्च एंड आहे, आज फाइल लॉगिन झाली तरच हा रेट.’ टॅबवर एकामागून एक सह्या. कर्जाचा अर्ज, हप्ते खात्यातून आपोआप कापायची परवानगी म्हणजे नॅच मँडेट, आणि त्यांच्यामध्ये एक पान ‘इन्स्टॉलेशन रिपोर्ट’. मशीन मिळालं, बसवलं, चालवून दाखवलं, समाधानकारक आहे. मी विचारलं होतं! स्पष्ट विचारलं होतं की मशीन अजून आलेलं नाही, मग ही सही आत्ता कशाला? तो म्हणाला, ‘फॉर्मॅलिटी आहे मॅडम, याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही, सगळ्यांनी केली.’ शेजारच्या टेबलावर माझ्यापेक्षा सीनियर सरांनी खरंच केली होती. मग मोबाइलवर ओटीपी आला. त्या मेसेजमध्ये ‘डिलिव्हरी कन्फर्म’ असे शब्द होते. मी ते वाचले आणि तरी सहा आकडे सांगितले.

रात्री झोप लागत नाही ती त्या मेसेजमुळे. दुसऱ्याच दिवशी, २४ मार्चला, ५,३०,००० रुपये थेट विक्रेत्याच्या खात्यात गेले. मशीन आलं ९ एप्रिलला. मशीन हातात येण्याआधी इन्स्टॉलेशनची सही मागणारा माणूस चोर समजा, मग तो कितीही गोड बोलो आणि समोर कितीही मोठे डॉक्टर सही करत असोत.

खुणा त्याआधीही होत्या, पण त्या प्रत्येक खुणेवर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. डेमो कायम कोरड्या प्लास्टर मॉडेलवर. माझ्या मैत्रिणीने सांगितलं की माझ्या तोंडात स्कॅन करा, तर म्हणे स्कॅनरची तोंडात जाणारी टिप निर्जंतुक केलेली नाही. कोरड्या मॉडेलवर कुठलाही स्कॅनर झकास चालतो. खरा कस लागतो लाळ, रक्त, हलणारी जीभ आणि हिरडीखाली गेलेली मार्जिन असते तेव्हा. डेमो घ्यायचा तर जिवंत तोंडात घ्या. आणि तिथल्या तिथे स्कॅनची एसटीएल फाइल (कुठल्याही लॅबला उघडता येणारी) स्वतःच्या पेन ड्राइव्हवर काढून मागा, ती तुमच्या नेहमीच्या लॅबला पाठवा. ‘नंतर ॲक्टिव्हेट करून देतो’ म्हणाले की उठा.

बिलावरचा जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. कार्यालय पुण्यात सांगतात आणि क्रमांक दिल्लीचा, म्हणून विचारलं, तर हेड ऑफिस तिकडे आहे म्हणाले. यात संशय घेण्यासारखं काय होतं सांगा? पुढे जीएसटीच्या पोर्टलवर शोधलं तेव्हा कळलं की तो क्रमांक भलत्याच नावाच्या फर्मचा होता आणि नोंदणीही रद्द झालेली. पोर्टलवर हे शोधायला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. बिलावरचं नाव, जीएसटीवरचं नाव आणि बँक खात्याचं नाव ही तिन्ही एकच असली पाहिजेत. माझ्या बाबतीत तीन वेगळी होती.

मशीनच्या खोक्यावर आयातदाराचं नाव नव्हतं, आयात परवान्याचा क्रमांक नव्हता. टिपांची कडा पिवळी पडलेली. सॉफ्टवेअर उघडलं तर ते ३० दिवसांच्या ट्रायलवर होतं, आणि स्कॅन बाहेर काढायचं बटण बंद. फाइल फक्त त्यांच्या क्लाउडवर, कॅप फक्त त्यांच्या लॅबमध्ये. त्या लॅबकडून आलेली पहिलीच कॅप मार्जिनला उघडी होती. मी पेशंटला परत बोलावून पुट्टीने माप घेतलं आणि माझ्या जुन्या लॅबकडून स्वतःच्या खर्चाने नवी करून बसवली. मग सिरियल नंबर मूळ उत्पादकाला ईमेल केला. उत्तर आलं की हे मशीन पूर्वीच परदेशातल्या एका क्लिनिकला विकलेलं आहे, इथे वॉरंटी लागू नाही, खातं दुसऱ्याच्या नावावर आहे. म्हणजे जुनं मशीन नव्याच्या भावात. हा ईमेल पैसे देण्याआधी करायचा असतो. विक्रेता सिरियल नंबर आधी देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

‘केस सपोर्ट’मधून महिन्याला आठ पेशंटची हमी होती. एकही आला नाही. कोर्सच्या ग्रुपवर हा प्रश्न विचारणाऱ्यांना आधी ‘निगेटिव्ह’ म्हटलं, मग काढून टाकलं. मलाही काढलं. मेमध्ये पहिला हप्ता गेला आणि त्याच महिन्यात त्यांचे सगळे नंबर बंद झाले.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल.

पोलीस ठाण्यातला पहिला प्रश्न, ‘डॉक्टर असून असं कसं केलंत?’ घरफोडी झालेल्या माणसाला कोणी विचारतं का, घर असून चोरी कशी झाली? मग म्हणाले, हे सिव्हिल मॅटर आहे, वस्तू मिळाली आहे, कोर्टात जा. वस्तू जुनी आहे, बिल बोगस आहे, क्रमांक रद्द आहे, सगळे कागद टेबलावर ठेवले. साहेबांनी उलटूनही बघितले नाहीत. सायबरवाल्यांनी सांगितलं की तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, यात ऑनलाइन काय? आर्थिक गुन्ह्यांचं बघणारे म्हणाले, रक्कम लहान आहे. लहान! माझ्या क्लिनिकचं भाडं, मावशींचा पगार, मुलाची फी, सगळं त्या लहान रकमेतून निघतं. साधा अर्ज घेतल्याची पोच द्यायलासुद्धा खळखळ.

कर्ज देणाऱ्या कंपनीचा राग तर शब्दांत मावत नाही. माझी दोन वर्षांची रिटर्न तपासली, क्लिनिकचे फोटो मागवले, लाइट बिलसुद्धा मागितलं. आणि ज्याच्या खात्यात सव्वापाच लाखांवर रक्कम टाकली त्याचा जीएसटी क्रमांक चालू आहे का, हे बघायला कोणाला सवड झाली नाही? विचारलं तर ठरलेलं उत्तर: ‘मर्चंट डिस्प्यूट आहे, हप्ता थांबवता येणार नाही, सिबिल खराब होईल.’ डिलिव्हरी कन्फर्म केल्याचा ओटीपी मला दाखवतात. मी कुरिअरची ९ एप्रिलची पावती दाखवते, ती मात्र त्यांना दिसत नाही.

व्यवसायबंधूंच्या एका संघटनेत गेले तर सल्ला मिळाला की नावं घेऊ नका, व्यवसायाची बदनामी होते. त्याच संघटनेच्या कार्यक्रमात याच विक्रेत्याचा स्टॉल लागला होता! आणि दंत परिषदेची अपेक्षा ठेवू नका. १९४८ चा दंतवैद्य कायदा असो की २०२३ चा राष्ट्रीय दंत आयोगाचा, दोन्ही बांधतात ते डॉक्टरला आणि कॉलेजला. हॉटेलात कोर्स भरवून मशीन विकणारा त्यात कुठेच बसत नाही.

शेवटी ग्राहक आयोग. तिथेही समोरच्या वकिलांचा मुद्दा, मशीन व्यापारी कामासाठी घेतलं, म्हणून डॉक्टर ग्राहकच नाहीत. हे ऐकून तक्रार मागे घेणारे खूप आहेत, म्हणून लिहून ठेवा: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात, स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरलेली नाही. क्लिनिक स्वतः चालवत असाल तर तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात हे येऊ द्या. बिलामागे बारीक अक्षरात ‘लवाद दिल्लीत’ छापलेलं असतं, त्याने घाबरू नका. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगात जाता येतं, आणि तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. माझ्या तक्रारीवर तारखा पडताहेत.

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवा, पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. फसवणुकीचं कलम आता ४२० राहिलेलं नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. ठाण्यात बोलताना तेच म्हणा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, कारण पुढच्या खात्यातून रक्कम निघून गेली की गोठवायला काही उरत नाही. ॲपवरून घेतलेल्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे माघारीची मुदत असते. तेवढ्या दिवसांत मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज परत केलं की कर्जातून बाहेर पडता येतं. ती मुदत किती, हे कर्जाच्या मुख्य माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. मला ते पत्रक कोणी उघडून दाखवलं नाही, आणि टॅबवर पान किती वेगाने सरकवतात ते तुम्हाला माहीत आहे.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. मशीन आणि कोर्स यांची बिलं वेगळी मागा. परदेशी विद्यापीठाचं नाव असेल तर त्या विद्यापीठाला स्वतः ईमेल करा, त्यांनी दिलेल्या लिंकवरून नको.

त्या बॅचमधल्या नऊ जणांशी माझा संपर्क आहे. बाकीचे बोलायला तयार नाहीत, बदनामीची भीती आहे, मला ती समजते. पण एकेकट्याचा अर्ज ठाण्यात ‘सिव्हिल’ म्हणून परत येतो. सारख्याच बिलाचे नऊ अर्ज एकत्र गेले की ‘सिव्हिल’ म्हणणं अवघड जाईल, म्हणून आम्ही आता एकत्र अर्ज करतोय. तुम्हीही असंच पॅकेज घेतलं असेल तर इन्स्टॉलेशन रिपोर्टवरची तारीख आणि कुरिअरच्या पावतीवरची तारीख आज शेजारी ठेवून बघा. रिपोर्ट आधीचा निघाला तर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला दोन्ही कागद जोडून लेखी कळवा, फोनवर नको, आणि पुढचा हप्ता कापला जायच्या आत कळवा.