स्प्रूस की सिडार? गिटारच्या टॉपची निवड

अकूस्टिक गिटारचा आवाज मुख्यतः ठरतो तो टॉपवर, म्हणजे वरच्या फळीवर. स्प्रूस आणि सिडार ही या फळीची दोन लाकडं. मागची आणि बाजूची रोझवुड किंवा महोगनी त्यात रंग भरते, एवढंच. (विक्रेते मात्र रोझवुडचंच कौतुक जास्त करतात.)

सिटका स्प्रूस (स्प्रूसचाच एक प्रकार) कडक असतो. पिकने, म्हणजे तारा छेडायच्या पातीने, दणकून स्ट्रमिंग केलं तरी सूर सुटे ऐकू येतात. हलक्या हाताला मात्र नवा स्प्रूस जरा कोरडा वाटतो. वाजवत राहिलं की तो खुलतो, असं बहुतेक वादक सांगतात. सिडार मऊ आणि हलका. बोटांनी हळुवार छेडला तरी पहिल्या दिवसापासून भरदार बोलतो. पण जोर वाढवत नेला की एका टप्प्यानंतर आवाज मोठा होत नाही, नुसता गढूळ होतो. १९६०च्या दशकात माद्रिदच्या होसे रामिरेझ तिसरे यांनी क्लासिकल गिटारवर सिडार रुळवला. फिंगरस्टाइल, म्हणजे पिकऐवजी बोटांनी वाजवणाऱ्याने सिडारच आधी ऐकून बघावा.

सिडारवर नखाचाही खळगा पडतो, शिवाय ब्रिज (टॉपवर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) सुटला तर टॉपचे तंतू सोबत उपटून येतात. म्हणून जुना सिडार घेताना ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून बघा. आत शिरला, तर ब्रिजचा सरस (गोंद) सुटायला लागलाय. ब्रिजमागे किंचित फुगवटा मात्र चालतो, तो तारांच्या ताणाने येतोच.

आर्द्रता दोघांनाही ४५ ते ५५ टक्के हवी. हवा फार कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि त्यातल्या तंतूंच्या रेषांच्या दिशेने तडकतं.