टूर्नामेंटवाल्यांसाठी पोकरच्या कॅश गेमचा कोर्स, माझा अनुभव

मी आजवर टूर्नामेंटच खेळत आलोय, बँकरोल (खेळासाठी बाजूला ठेवलेले पैसे) बेताचाच, म्हणून कॅश गेमकडे, म्हणजे थेट पैशांवरच्या डावांकडे, वळायच्या आधी हा व्हिडिओ कोर्स घेतला आणि खरं सांगतो, पहिल्या दोन भागातच पैसे वसूल झाले. टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधीच दोघांना लावावी लागणारी रक्कम, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड) वाढत जातात, शेवटी १०-१५ बिग ब्लाइंडवर ऑल-इन (सगळं लावणं) नाहीतर फोल्ड (पत्ते टाकणं) एवढंच उरतं, पण कॅशमध्ये ब्लाइंड तेच राहतात, साधारण १०० बिग ब्लाइंड घेऊन बसायचं, म्हणजे खरा खेळ टर्न आणि रिव्हरला (टेबलावर उघडणारं चौथं आणि पाचवं पान), आणि तिथेच आपण कच्चे. नुसत्या एका पेअरवर (जोडीवर) अख्खा स्टॅक (समोरचे सगळे चिप्स) घालायची माझी सवय कोर्सवाल्यांनी एकेक हँड (डाव) उलगडून दाखवत मोडली. बँकरोलचा भाग पण मस्त आहे, निदान २०-३० बाय-इन (एकदा टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) हाताशी ठेवा आणि कमी झाले की लगेच खालच्या स्टेकवर (छोट्या रकमेच्या टेबलावर) या, लाजू नका, हे मला फार पटलं. रेकवर (खेळवणारा पॉटमधून कापून घेतो तो वाटा) मात्र जेमतेम पाच मिनिटं! अहो, छोट्या स्टेकवर रेकच तर सगळ्यात जास्त खातो, तिथे अर्धा तास हवा होता. पुढचा भाग आला तर घेणारच.