ग्रीक शिक्षणविचारावरचा ऑनलाइन कोर्स: प्लेटोसाठी जरूर घ्या

मी शाळेत गणित शिकवते. ‘हे शिकून पुढे उपयोग काय?’ हा प्रश्न वर्गात सतत कानावर येतो. म्हणूनच प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानात शिक्षण कशासाठी मानलं होतं, यावरचा हा रेकॉर्डेड व्याख्यानांचा कोर्स घेतला. पैसे वसूल झाले.

सगळ्यात सरस व्याख्यान प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादावरचं. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो, दोन फूट बाजूचा चौरस आहे, त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती घेशील? मुलगा झटकन म्हणतो, चार. क्षेत्रफळ होतं सोळा. मग म्हणतो, तीन. तर होतं नऊ. शेवटी तो सरळ सांगून टाकतो की मला माहीत नाही. इथे प्राध्यापिका आकृती अर्धवट ठेवतात आणि व्हिडिओ थांबवून आपल्यालाच डोकं चालवायला लावतात. जुन्या चौरसाचा कर्ण हीच नव्याची बाजू, हे नंतर. सॉक्रेटिसच्या मते मुलाचं अडणं हाच फायदा, कारण आता तो आपणहून शोधायला लागेल.

तिथून प्लेटोच्याच ‘रिपब्लिक’ या संवादाच्या सातव्या भागाकडे त्या सहज नेतात. आंधळ्या डोळ्यांत दृष्टी घालावी तसं ज्ञान बाहेरून घालता येत नाही. दृष्टी असतेच, तोंड भलतीकडे असतं. शिक्षणाने अख्खा माणूस शुभाकडे, म्हणजे जे खरोखर चांगलं त्याकडे वळवायचा. राज्य चालवणाऱ्यांसाठी प्लेटो विशीपासून दहा वर्षं गणिती विद्या, मग पाच वर्षं तत्त्वचर्चा, पंधरा वर्षं प्रत्यक्ष कारभार सांगतो, आणि शुभाचं दर्शन पन्नाशीला! एवढी सबुरी आज कोण ठेवेल?

अ‍ॅरिस्टॉटलला मात्र घाईत उरकलंय. न्यायाने वागून वागूनच माणूस न्यायी होतो, हे येतं. पण ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात संगीत शिकवण्याचं कारण तो देतो, ते म्हणजे फुरसतीचा वेळ चांगला घालवता यावा. यावर जेमतेम एक वाक्य. माझ्या प्रश्नाला याहून थेट उत्तर दुसरं नाही! शिवाय त्याच्या आदर्श नगरात कारागिरांना नागरिकत्व नाही, गुलामांना तर नाहीच. म्हणजे ही फुरसत इतरांच्या कष्टांवर उभी होती. हे न सांगणं मला खटकलं. प्लेटोच्याच काळात अथेन्समध्ये वक्तृत्व शिकवणाऱ्या आयसोक्रेटिसचं नुसतं नाव घेतलंय.

आवाज स्वच्छ आहे, टिपणं नेमकी आहेत. शिक्षकांनी तर घ्यावाच, पण ‘मेनो’ आधी वाचून. छोटा आहे, एका बैठकीत होतो.