पोळीभाजी केंद्राच्या वरची लायब्ररी: सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

तर झालं असं की जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आमच्या चौथीतल्या चिरंजीवांचं दर सोमवारी पोट दुखायला लागलं. रविवारी रात्री पोरगं ठणठणीत, दोन वडापाव हाणून झोपलेलं, आणि सोमवारी सकाळी साडेसहाला पोट धरून गादीवर लोळतंय. ओवा झाला, हिंग झालं, डॉक्टरचे चारशे रुपये झाले, डॉक्टर म्हणाले काही नाहीये. शेवटी समोरच्या वहिनी म्हणाल्या, अगं त्या पोळीभाजी केंद्राच्या वर एक काकू मुलांची लायब्ररी चालवतात, तिथे ने त्याला. पोटदुखीला लायब्ररी हे मला काही झेपलं नाही पण म्हटलं बघू, एवीतेवी मोबाईल सुटतोय का तेवढं तरी.

जागा डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं, रिक्षा गल्लीत येत नाही. बोर्ड नाही. फोडणीच्या वासाच्या मागे मागे जिना चढायचा, दुसरा मजला, काकूंच्या हॉलमध्येच चार कपाटं आणि एक सतरंजी. महिना १५० रुपये, डिपॉझिट ५००, एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवस. उशीर झाला की दिवसाला २ रुपये आणि त्यात काकू एक रुपया सोडत नाहीत, माझे आत्तापर्यंत ३४ गेलेत. वेळ संध्याकाळी पाच ते साडेसात, सोमवारी बंद.

आता खरी गंमत. काकू प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या आहेत आणि त्यांनी पुस्तकं वयाप्रमाणे लावलेलीच नाहीत. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवलेली आहे, हाताने लिहिलेली: शाळेत जायचं नाही. पैसे कमी पडले. भीती वाटते. कोणी खेळायला घेत नाही. आईचा राग आलाय. कथासंग्रह असेल तर आतल्या प्रत्येक गोष्टीला वेगळी चिठ्ठी. मी सवयीने सांगायला लागले की नऊ पूर्ण आहे, चौथीत आहे, तर म्हणाल्या ते राहू दे हो, आणि याच्याकडे वळून, काय रे, काय चाललंय सध्या? तो गप्प. मीच म्हटलं सोमवारी पोट दुखतं. त्या हसल्या पण नाहीत, उठल्या आणि आर. के. नारायण यांच्या मालगुडीच्या कथांचं मराठी भाषांतर काढून दिलं.

टीव्हीवर मालगुडी बघितलेल्यांना स्वामी आठवत असेल, पण ही गोष्ट मी वाचलेलीच नव्हती. सोमवारची सकाळ, स्वामीला शाळेत जायचं नाही म्हणून डोकं दुखतंय (आमच्याकडे पोट, तेवढाच फरक). आई विरघळते, वडील नाही विरघळत. मग हा पठ्ठ्या सांगतो की उशिरा गेलो तर सॅम्युअल मास्तर फार मारतात. वडील भडकतात, हेडमास्तरांना सणसणीत पत्र लिहून याच्याच हातात देतात. आता खरी पंचाईत! सॅम्युअल मास्तर तर तसे वाईट नाहीतच, आणि पत्र दिलं तर बिचाऱ्यांची नोकरी जायची. म्हणून हा वर्गात मुद्दाम आगाऊपणा करतो, त्यांनी मारावं, म्हणजे पत्र खरं ठरेल. शेवटी चार-सहा छड्या पदरात पाडून घेतो आणि खुशीत पत्र द्यायला जातो तर हेडमास्तर रजेवर. त्यांचा चार्ज कोणाकडे? असिस्टंट हेडमास्तरांकडे. म्हणजे सॅम्युअल मास्तरांकडे!

इथे मला लायब्ररीची पहिली तक्रार लिहायची होती, कारण शेवटचं पान फाटलेलं. पण त्याजागी रेघी वहीचं पान डकवलेलं होतं, काकूंच्या अक्षरात, निळ्या शाईने, अख्खा शेवट उतरवून काढलेला. स्वामी घरी पळत येतो आणि सांगतो हेडमास्तर नव्हते, वडिलांना वाटतं घाबरून खोटं बोलतोय, ते पत्र फाडून टाकतात आणि म्हणतात तुला तो सॅम्युअलच पाहिजे. संपलं. कोणी सुधारलं नाही, कोणी कोणाला मिठी मारली नाही. पोरगं एवढं हसलं की उचकी लागली. आणि मग बऱ्याच वेळाने, मी भांडी लावत होते तेव्हा, पाठीमागे येऊन म्हणाला, आई आमच्याकडे सॅम्युअल मास्तर नाहीत, आमच्याकडे सोमवारी पहिल्या तासाला तोंडी भागाकार असतो.

सहा आठवडे! ओवा, हिंग, डॉक्टर, सगळं झालं, आणि होता भागाकार.

हे गोष्टीमुळे झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. भागाकार अजून कच्चाच आहे, पोट मात्र आता फक्त परीक्षेच्या आधी दुखतं.

दुसऱ्या खेपेला 'पैसे कमी पडले' मधून प्रेमचंदांची ईदगाह आणली, १९३३ सालची. हमीद, चार-पाच वर्षांचा, आईबाप गेलेले, आजी अमीना शिवणकाम करून कसंबसं घर चालवते. ईदच्या जत्रेला निघालाय आणि खिशात तीन पैसे. मित्रांकडे बारा, पंधरा. ते मातीचे भिश्ती घेतात, शिपाई घेतात, वकील घेतात, मिठाई खातात, आणि हा आजीची बोटं तव्यावर भाजतात म्हणून चिमटा घेऊन येतो. आम्हाला शाळेत ही गोष्ट त्याग त्याग करत शिकवली होती आणि तेव्हा मला तो हमीद अगदी डोक्यात गेला होता, एवढंसं पोर आणि एवढं शहाणं? आता मुलाबरोबर वाचली तेव्हा लक्षात आलं की अहो हा शहाणा बिहाणा नाहीये, याला ती खेळणी हवीच आहेत, हातात घेऊन बघायचीयत आणि ते देत नाहीयेत, मिठाई बघून तोंडाला पाणी सुटलंय. म्हणून तो मनातल्या मनात स्वतःला समजावत बसतो की मातीचंच आहे, पडलं की फुटणार, खा लेको मिठाई, तुम्हालाच फोड येतील. आणि चिमटेवाला सहा पैसे सांगतो, मग पाच, तेव्हा हा तीन म्हणून भिडतो आणि ओरडा पडेल या भीतीने लगेच पुढे चालायला लागतो! आणि नंतरची ती वादावादी, चिमटा खांद्यावर टाकला की बंदूक, हातात घेतला की फकिराचा चिमटा, माझा चिमटा वाघाला पण लोळवेल. हे वाचताना आमच्याकडे पलंगावर उभं राहून झाऱ्याने युद्ध झालं. गणपतीत याला आजोबांनी शंभर रुपये दिले होते, त्याची जी बंदूक आणली ती त्याच रात्री मोडली, त्याचं दुःख अजून ताजं आहे. तर म्हणाला, हमीदचं बरं होतं, त्याच्याकडे तीनच पैसे होते, माझ्याकडे शंभर होते म्हणून मी फसलो. आता यावर काय बोलणार.

'भीती वाटते' मध्ये साने गुरुजींच्या श्यामचं पोहणं निघालं. नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत चार-पाच दिवसांत लिहून काढलेलं ते पुस्तक, घरोघरी आहे, काय सांगायचं. श्याम विहिरीला घाबरून माळ्यावर लपतो, आई शिंपटीने मारत खाली काढते, पोहायला पाठवते, आणि नंतर पाठीवरचे वळ बघून स्वतःच रडते, कारण तिच्या पोराला लोक भित्रा म्हणाले असते ते तिला सहन झालं नसतं. मला वाटलं होतं मुलाचे डोळे पाणावतील. कसलं काय! भयंकर चिडला. मारायचं आणि मग रडायचं, हे चीटिंग आहे म्हणाला. मी गेल्या आठवड्यातला माझा धपाटा आठवून गप्प बसले. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, बरोबर चिडला, चिडू दे, पुढच्या वर्षी परत ने.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर वहिनी म्हणतील कमिशन घेते.

एक तर काकू सांगत नाहीत की कुठली गोष्ट झोपताना वाचू नये. 'घरची आठवण येते' अशी साधीसुधी चिठ्ठी बघून चेखोवची वांका आणली, १८८६ ची. नऊ वर्षांचा पोरगा मॉस्कोत चांभाराकडे कामाला ठेवलेला, मार खातोय, उपाशी झोपतोय, नाताळच्या आदल्या रात्री चोरून आजोबांना पत्र लिहितो की मला इथून घेऊन जा. आणि पाकिटावर पत्ता काय लिहितो, तर 'गावी, आजोबांना'. मग डोकं खाजवून, विचार करून, आजोबांचं नाव पण लिहितो. बस. पेटीत टाकतो आणि खूश होऊन झोपतो. मला पुढचं वाचवेना, आवाजच फुटेना, आणि हा अंधारात ताडकन उठून बसला, आई पिनकोड? मी म्हटलं तेव्हा नव्हता रे राजा. मग पोचणार कसं? मग पोस्टमन आजोबांना शोधेल का? तिकीट लावलं का त्याने? रात्री पावणेबारापर्यंत ही चौकशी. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन अंतर्देशीय आणायला लागलं, वाईच्या आजोबांना पत्र गेलं, पत्ता स्वतः तीनदा तपासून, पिनकोडच्या सहाच्या सहा चौकोनात आकडा. आजोबांचा फोन आला की पत्र पोचलं, तेव्हा आधी विचारलं काय, तर कितव्या दिवशी.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि ती मी तोंडावर पण केलीये. या सगळ्यात मुली कुठायत? शाळा चुकवणारा मुलगा, जत्रेला जाणारा मुलगा, पोहणारा मुलगा, पत्र लिहिणारा मुलगा. माझी भाची सातवीत आहे, सुट्टीत आली होती, तिने अर्धा तास कपाटं उपसली आणि विचारलं की मुलींना काय फक्त पऱ्या भेटतात का. काकूंनी टागोरांची पोस्टमास्तर दिली. रतन नावाची अनाथ पोरगी, बारा-तेरा वर्षांची, खेड्यातल्या पोस्टमास्तरचं घरकाम करते, तो तिला अक्षरं शिकवतो, तो आजारी पडतो तेव्हा ती मोठ्या बाईसारखी त्याचं करते, आणि मग तो नोकरी सोडून कलकत्त्याला निघतो. मला तुमच्या घरी न्याल का विचारते तर हा हसतो, ते कसं शक्य आहे म्हणतो. भाचीने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, आता त्याचा स्वयंपाक कोण करणार? गोष्ट भारीच आहे, पण दोन-चार अपवाद दाखवून कपाट भरत नाही. मुलीची पाळी सुरू झाली, मैत्रीण तुटली, भावाला सायकल मिळाली आणि हिला नाही, याच्या चिठ्ठ्या मला दिसल्या नाहीत. माधुरी पुरंदरेंची पुस्तकं आहेत पण ती कधीच जागेवर नसतात, कायम वेटिंग. काकूंनी वहीत लिहून घेतलंय, बघू.

बाकी बारीकसारीक. पंखा एकच आणि तो काकांच्या खुर्चीवर. यूपीआयचे पैसे पुण्याच्या मुलाच्या खात्यात जातात, तो फोन करून विचारतो तुम्ही कोण. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल. जुन्या 'किशोर'चे बाइंड केलेले अंक मात्र खजिना आहे. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, माझ्या लहानपणचा एक अंक सापडला आणि मी तिथेच सतरंजीवर बसून वाचला, मुलगा घरी चल म्हणून मागे लागला होता.

आणि हो, एक राहिलंच. हल्लीची ती गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं असतात ना, अंधाराची भीती वाटणारा मुलगा, पान आठवर आजी येते, एक वाक्य बोलते, पान नऊवर भीती गायब, आणि शेवटी रंगीत चौकटीत तात्पर्य. अहो माझ्या मुलाची अंधाराची भीती मी तीन वर्षं काढतेय, अजून बाथरूमला सोबत लागते. कुठली आजी आणलीत ती आम्हाला पण द्या. काकू ही पुस्तकं ठेवतात कारण लोक भेट देतात आणि नाही म्हणता येत नाही, पण त्या तात्पर्याच्या चौकटीवर खाकी कागद चिकटवतात. परिणाम असा की पोरं आधी ते पान उघडून ट्यूबलाइटसमोर धरतात आणि आत काय लिहिलंय ते मान वाकडी करून वाचतात. एरवी ज्या तात्पर्याकडे कोणी ढुंकून बघितलं नसतं त्याच्यासाठी आता नंबर लागतात! मी काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या माहितीये, काय करू, कागद अजून जाड आणते.

पैसे वसूल का? सहा महिन्यांचे ९०० आणि वर दंड, त्यात माझ्या अंदाजाने चाळीसेक गोष्टी झाल्या, त्यातल्या दहा-बाराच घरात राहिल्या, म्हणजे जेवताना निघतात, भांडणात वापरल्या जातात. परवा मी भाजीवाल्याशी घासाघीस करत होते तर मागून आवाज आला, आई, हमीदसारखं चालायला लाग. चालायला लागले. दहा रुपये कमी केले त्याने.

पाचपैकी चार स्टार, एक मुलींच्या कपाटासाठी राखून ठेवलाय. पुढचे सहा महिने भरलेत. मालगुडी सध्या परत आमच्याकडेच आहे, गुरुवारी देणार, कोणाला पाहिजे असेल तर काकूंना आधी सांगून ठेवा, आणि ते निळ्या शाईचं पान जपून उलटा, एका कोपऱ्याची खळ सुटलीये.